स्विच, फ्रेम आणि पत्ता : घरातल्या जाळ्याची भाषा



आजचा विषय पाहून काही जणांना प्रश्न पडला असेल, की आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने तारा आणि डब्यांवर का बोलावं? उत्तर सोपं आहे. तत्त्वज्ञानाचं निम्मं काम शब्दांचे अर्थ नीट लावण्याचं असतं. आणि आज आपल्या घरात, सोसायटीत, दवाखान्यात, ग्रंथालयात असे दहा-पंधरा शब्द फिरताहेत, ज्यांचा अर्थ न कळताच आपण मान हलवतो. माणूस येतो, म्हणतो, ‘काका, स्विच गेलाय’, ‘लूप झाला होता’, ‘आयपी क्लॅश होतोय’. आपण ‘बरं’ म्हणतो आणि पैसे देतो. त्याने बरोबर सांगितलं की चूक, हे ठरवायचं साधनच आपल्यापाशी नसतं. ते साधन आज हाती घ्यायचं. यंत्र दुरुस्त करायला शिकायचं नाहीये, यंत्राबद्दल नीट बोलायला शिकायचंय.

‘इथरनेट’मधला ईथर

सुरुवात नावापासून करू. २२ मे १९७३ रोजी अमेरिकेत पालो आल्टोच्या झेरॉक्स संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ यांनी एक टिपण लिहिलं. एका इमारतीतले अनेक संगणक एकाच जाड तारेवर कसे जोडता येतील, याचं ते टिपण. डेव्हिड बॉग्ज या सहकाऱ्याबरोबर त्यांनी ते प्रत्यक्षात आणलं. वेग होता सेकंदाला २.९४ मेगाबिट. या रचनेला त्यांनी नाव दिलं इथरनेट.

ईथर म्हणजे काय? एकोणिसाव्या शतकातल्या भौतिकशास्त्रज्ञांना वाटायचं, की लाट म्हटली की तिला वाहून नेणारं काहीतरी हवंच. पाण्याच्या लाटेला पाणी, आवाजाला हवा, मग प्रकाशाला? त्यासाठी सगळीकडे भरून राहिलेला ईथर त्यांनी मानला. आपल्याकडे वैशेषिकांनी शब्द या गुणाला आधार हवा म्हणून आकाश हे द्रव्य मानलं, तसाच काहीसा हा विचार. १८८७ मध्ये मायकेलसन आणि मॉर्ली यांच्या प्रयोगात ईथरचा मागमूस लागला नाही, आणि पुढे भौतिकशास्त्राने त्याला निरोप दिला. मेटकाफ यांना मात्र ही प्रतिमा आवडली. सगळ्यांना स्पर्श करणारी एक निष्क्रिय तार, तिच्यावर कोणीही बोलावं, सगळ्यांनी ऐकावं. म्हणून ईथर.

आता गंमत पाहा. आज ती सामायिक तारही उरलेली नाही. तार बदलली, वेग बदलला, पद्धत बदलली. २.९४ मेगाबिटवरून आपण ४०० गिगाबिटच्या पलीकडे गेलो. नाव मात्र तेच. टिकलं काय, तर मुख्यतः निरोपाच्या पाकिटाचा आकार. त्या पाकिटाला म्हणतात फ्रेम. तिच्याकडे येतोच.

एकाच तारेवर सगळे

पहिली अडचण अशी, की तार एक आणि बोलणारे पन्नास. दोघं एकदम बोलले तर दोघांचंही कोणाला कळत नाही. याला म्हणतात कोलिजन, म्हणजे टक्कर.

हा प्रश्न आधी हवाईच्या बेटांवर आला होता. तिथल्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी १९७१ मध्ये बेटाबेटांवरचे संगणक रेडिओलहरींनी जोडले. नियम साधा. बोलायचं असेल तेव्हा बोला, पोहोचलं नाही तर थोडं थांबून पुन्हा बोला. थांबायचं किती? ठरावीक नाही, प्रत्येकाने आपापलं यादृच्छिक. दोघंही नेमके तेवढाच वेळ थांबले तर पुन्हा टक्कर होणार ना!

मेटकाफ यांनी याला शिस्त लावली. बोलण्यापूर्वी ऐका, कोणी बोलतंय का ते पाहा. बोलतानाही ऐकत राहा. टक्कर झाली तर लगेच थांबा आणि यादृच्छिक वेळ वाट पाहा. पुन्हा टक्कर झाली तर वाट पाहण्याची मर्यादा दुप्पट करा. कुठल्याही सभेत पाळला तर उपयोगी पडेल असा हा नियम आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. अध्यक्ष नाही, तरी सभा चालते. १९८३ मध्ये आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेने याचं प्रमाण ठरवलं. त्याचा क्रमांक ८०२.३. डब्यावर हा आकडा दिसला, तर तो इथरनेटचा.

पुढे एका लांब तारेऐवजी मध्ये एक डबी आली आणि प्रत्येक संगणकाची तार त्या डबीत. ही डबी म्हणजे हब. हब काय करतो? एका भोकातून आलेलं बाकी सगळ्या भोकांतून ओरडून सांगतो. चाळीच्या चौकात उभं राहून कोणी ‘जोशी, तुमचं पत्र!’ अशी हाक मारावी आणि चारही मजल्यांच्या गॅलऱ्यांत माणसं डोकावावीत, तसं. पत्र जोश्यांचं, पण ऐकलं सगळ्यांनी. आणि तेवढा वेळ दुसऱ्या कोणाची हाक ऐकू येत नाही.

त्या भोकाला म्हणतात पोर्ट. इथे एक सावधगिरी. ‘पोर्ट’चा दुसराही अर्थ आहे. एकाच संगणकातल्या वेगवेगळ्या कार्यक्रमांना क्रमांक असतात, त्यांनाही पोर्टच म्हणतात. तंत्रज्ञ ‘पोर्ट बंद आहे’ म्हणाला, तर आधी विचारा, भिंतीतलं की आतलं? या एका प्रश्नाने बराच वेळ वाचतो.

स्विच : सांधेवाला

आपण मराठीत स्विच म्हणतो ते दिव्याच्या बटणाला, चालू किंवा बंद. इथला स्विच त्या अर्थाचा नाही. रेल्वेतला सांधा आठवा. गाडी कुठल्या रुळावर जायची हे सांधा ठरवतो. हा स्विच त्या जातीचा.

१९९० मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीने सात पोर्टांचा इथरनेट स्विच बाजारात आणला. हा पहिला इथरनेट स्विच मानला जातो. कंपनीचं नाव होतं ‘कल्पना’. हो, आपला शब्द. तिच्या संस्थापकांपैकी एक विनोद भारद्वाज. १९९४ मध्ये ती कंपनी सिस्कोने विकत घेतली.

स्विच काय करतो ते कळण्यासाठी फ्रेम समजून घेऊ. तुम्ही चित्र पाठवा, चिठ्ठी पाठवा, त्याचे तुकडे होतात. प्रत्येक तुकडा एका पाकिटात जातो. पाकिटावर आधी घेणाऱ्याचा पत्ता, मग पाठवणाऱ्याचा पत्ता, मग आत काय प्रकारचा मजकूर आहे त्याची खूण, मग मजकूर, आणि शेवटी तपासणीचा आकडा. वाटेत काही बिघडलं तर हा आकडा जुळत नाही आणि पाकीट फेकून दिलं जातं. मजकूर नेहमीच्या व्यवहारात जास्तीत जास्त १,५०० बाइट, आणि पूर्ण फ्रेम कमीत कमी ६४ बाइट.

पाकिटावरचा हा पत्ता म्हणजे मॅक पत्ता. तो ४८ बिटांचा, म्हणजे सुमारे २८१ लाख कोटी वेगवेगळे पत्ते शक्य. लिहिताना बारा चिन्हं, शून्य ते नऊ आणि ए ते एफ. पहिला अर्धा भाग कारखान्याचा, तो आयट्रिपलई वाटून देते. उरलेला अर्धा कारखाना प्रत्येक यंत्राला वेगळा देतो.

आता स्विच चालताना पाहू. समजा तिसऱ्या पोर्टमधून एक फ्रेम आली. पाठवणारा ‘अ’, घेणारा ‘ब’. स्विच आधी पाठवणाऱ्याकडे पाहतो आणि आपल्या वहीत लिहितो, ‘अ तिसऱ्या पोर्टवर राहतो’. मग घेणाऱ्याचं नाव वहीत शोधतो. ‘ब’ सापडला नाही. मग तो हबसारखंच करतो, तिसरा सोडून बाकी सगळ्या पोर्टांवर फ्रेम पाठवतो. याला फ्लडिंग म्हणतात. ‘ब’ सातव्यावर आहे, तो उत्तर देतो. उत्तराच्या पाकिटावर पाठवणारा म्हणून ‘ब’चं नाव असतं. स्विच लिहितो, ‘ब सातव्यावर’. इथून पुढे दोघांचं बोलणं फक्त तीन आणि सात यांच्यात. बाकीच्यांना ऐकूही येत नाही. त्याच क्षणी एक आणि पाच यांचं वेगळं बोलणं चालू शकतं. तार सामायिक नाही, म्हणून टक्करही नाही. दोन्ही बाजूंनी एकदम बोलता येतं. याला म्हणतात फुल ड्युप्लेक्स.

लक्षात घ्या, स्विचला कोणी शिकवलेलं नाही. तो फक्त येणाऱ्या पाकिटांवरून शिकतो. आणि तो विसरतोही. कोणी पाच मिनिटं काहीच बोललं नाही तर नेहमीच्या मांडणीत त्याची नोंद पुसली जाते. यंत्र दुसऱ्या पोर्टात लावलं आणि ते बोललं की नोंद बदलते. शिकणं आणि विसरणं, दोन्ही असल्यामुळेच वही खरी राहते.

कोण आणि कुठे

आता सगळ्यात जास्त गोंधळ होणारी जागा. मॅक पत्ता आणि आयपी पत्ता, दोन पत्ते कशाला?

मॅक पत्ता सांगतो ‘कोण’. आयपी पत्ता सांगतो ‘कुठे’. माणूस पुण्याहून नाशिकला गेला तरी त्याचं नाव तेच, घराचा पत्ता मात्र नवा. तुमचा लॅपटॉप ऑफिसात गेला की त्याला तिथला आयपी मिळतो, घरी आला की घरचा. घरातले आयपी बहुधा १९२.१६८ने सुरू होतात. हे आकडे खाजगी वापरासाठी राखून ठेवलेत. तुमच्या घरी आणि शेजारच्या घरी तेच आकडे असू शकतात, जसा प्रत्येक इमारतीत ‘दुसरा मजला, खोली चार’ असू शकतो. ‘आयपी क्लॅश’ म्हणजे एकाच जाळ्यात दोन यंत्रांनी तोच आकडा धरलाय. एकाच इमारतीत दोन दारांवर ‘खोली चार’ लिहिलं, एवढंच.

मग ‘कुठे’वरून ‘कोण’ कसं शोधायचं? यंत्र मोठ्याने विचारतं, ‘१९२.१६८.१.२० कोणाचा?’ ही हाक सगळ्यांसाठी, म्हणजे ब्रॉडकास्ट. पाकिटावर घेणाऱ्याच्या जागी बाराच्या बारा एफ. ज्याचा तो आकडा, तो उत्तर देतो, ‘माझा, आणि हा माझा मॅक पत्ता’. या व्यवहाराला एआरपी म्हणतात. १९८२ पासून तो असाच चालतो.

ही दवंडी जिथवर ऐकू जाते, तेवढी हद्द म्हणजे तुमचं लोकल नेटवर्क, लॅन. या कामापुरती ही व्याख्या पक्की धरा. स्विच कितीही जोडा, दवंडी पुढे जातेच. ती थांबते राउटरपाशी. स्विच गावातल्या गल्ल्या ओळखतो, राउटर वेशीवर उभा असतो आणि बाहेरगावचे रस्ते ओळखतो. घरी जी एकच पांढरी किंवा काळी डबी असते, तिच्यात राउटर, चार पोर्टांचा स्विच आणि वाय-फाय, तिघंही एकत्र नांदतात. म्हणून आपल्याला ती एकच वस्तू वाटते.

विश्वास कोणावर?

इथे तत्त्वज्ञानाच्या माणसाचे कान टवकारतात. नैयायिक शब्द हे प्रमाण मानतात, पण अट घालतात, की बोलणारा आप्त हवा, म्हणजे विश्वासार्ह आणि यथार्थ सांगणारा. एआरपीत ही अट नाही. ‘तो आकडा माझा’ असं कोणीही म्हणावं, ऐकणारा मानतो. पाठवणाऱ्याचं नावही स्विच जसं लिहिलंय तसं वहीत उतरवतो. खोटं नाव लिहिलं, तर खोटी नोंद.

याचं कारण जुनं आहे. ही रचना एका इमारतीतल्या सहकाऱ्यांसाठी झाली. तिथे सगळे आप्तच होते. आज त्याच रचनेवर सोसायटीचा हिशेबाचा संगणक, जिन्यातले कॅमेरे आणि पाहुण्याचा मोबाइल एकत्र बसतात. कॅमेऱ्याचा कारखान्याने दिलेला पासवर्ड कोणी बदललेला नसतो. २०१६ मध्ये मिराय नावाच्या घातक प्रोग्रॅमने असेच न बदललेले पासवर्ड वापरून जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला डिन या कंपनीवर त्यांच्याकरवी हल्ला झाला आणि अनेक मोठी संकेतस्थळं काही तास उघडेनाशी झाली.

म्हणून व्हीलॅन हा शब्द माहीत हवा. एकाच स्विचमध्ये नुसत्या सूचनेने वेगवेगळ्या हद्दी आखता येतात. पोर्ट एक ते चार हिशेबाचे, पाच ते आठ कॅमेऱ्यांचे. डबी एक, पण दवंडी एकाची दुसऱ्याला ऐकू जात नाही. त्यासाठी मॅनेज्ड स्विच लागतो, म्हणजे ज्याला सूचना देता येतात असा. साध्या स्वस्त डबीत हे बहुधा होत नाही.

लूप : एका तारेची गोष्ट

शेवटचा शब्द लूप. दोन स्विच एका तारेने जोडलेत. कोणीतरी सुटी तार पाहतं आणि चांगल्या हेतूने तिचं दुसरं टोकही त्याच स्विचांत खुपसतं. आता वर्तुळ झालं. एक दवंडी निघाली की पहिला स्विच दोन्ही तारांनी पाठवतो, दुसरा ती परत पाठवतो, आणि ती फिरत राहते. आयपीच्या पुडक्याला आयुष्याचा आकडा असतो, प्रत्येक राउटरपाशी तो एकाने कमी होतो, शून्य झाला की पुडकं संपतं. इथरनेटच्या फ्रेमला असं आयुष्य नाही. ती अमर. क्षणांत हजारो दवंड्या गरगरू लागतात आणि खरं बोलणं बुडतं. याला ब्रॉडकास्ट स्टॉर्म म्हणतात. सगळे दिवे भराभर लुकलुकतात आणि काम काहीच होत नाही.

पण दोन वाटा असणं वाईट नाही. एक तुटली तर दुसरी हवीच. यावर १९८५ मध्ये रेडिया पर्लमन या गणिती बाईंनी उपाय काढला, स्पॅनिंग ट्री. सगळे स्विच आपसांत बोलून एकाला मूळ ठरवतात. तिथून प्रत्येकापर्यंत एकच वाट उघडी ठेवतात, बाकीच्या मिटून राखीव ठेवतात. एखादी तुटली की राखीव उघडतात. झाडाला फांद्या असतात, वर्तुळं नसतात, म्हणून ‘ट्री’. या पद्धतीवर त्यांनी एक छोटी कविताही लिहिली आहे.

या उपायालाही मर्यादा आहेत. २००२च्या नोव्हेंबरात बॉस्टनच्या बेथ इस्रायल डिकॉनेस या मोठ्या रुग्णालयाचं जाळं कोलमडलं. वर्षानुवर्षं एकेक भाग जोडत ते वाढलं होतं आणि स्पॅनिंग ट्रीला पेलेल त्यापेक्षा मोठं झालं होतं. सुमारे चार दिवस रुग्णालय कागदावर चाललं. तपासण्यांचे अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं हाताने लिहून, हाताने पोचवून. तिथल्या माहितीविभागाचे प्रमुख जॉन हलाम्का यांनी नंतर हे सगळं जाहीरपणे सांगितलं, म्हणून इतर रुग्णालयांना त्यातून शिकता आलं. झाकून ठेवलं असतं तर तीच घटना दुसरीकडे घडली असती.

आपल्या दवाखान्यांतही आता अहवाल, एक्स-रे, औषधांची नोंद याच तारांवरून जाते. तारा कोणी, कशा जोडल्या आणि त्याचा नकाशा कुठे आहे, हा प्रश्न विश्वस्तांनी विचारायचा असतो. तो विचारायला अभियंता असावं लागत नाही.

प्रश्नोत्तरं

*श्रोता : सर, मी ३०० मेगाबिटचा प्लॅन घेतला, पण संगणकावर ९०-९५च्या वर जात नाही. कंपनी फसवते का?*

आधी घरात पाहा. ९०-९५ हा आकडा बोलका आहे. मध्ये कुठेतरी १०० मेगाबिटचा जुना स्विच असेल, किंवा तारेतल्या आठ बारीक तारांपैकी चारच नीट जोडलेल्या असतील. १०० मेगाबिटला चार पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. आणि अशी तार एका सलग तुकड्यात १०० मीटरच्या वर नेऊ नये. शिवाय मेगाबिट आणि मेगाबाइट यांत आठपटीचा फरक आहे. १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. हे पाहून मग फोन करा.

*एक ताई : वाय-फाय म्हणजे लॅनच का?*

हो, बहुतेक घरांत वाय-फायवरचा मोबाइल आणि तारेवरचा संगणक एकाच हद्दीत असतात. फरक इतकाच, की हवा पुन्हा सामायिक आहे. तिथे एकाने बोललं की दुसऱ्याने थांबायचं. म्हणजे वाय-फायने आपण परत हवाईच्या बेटांवर गेलो. म्हणून टीव्ही किंवा संगणक हलवायचा नसेल तर तार बरी.

*श्रोता : मोबाइलमध्ये मॅक पत्ता बदलता दिसतो. मग ‘कोण’ कसं म्हणायचं?*

चांगला प्रश्न. दुकानादुकानांतल्या वाय-फायने आपला माग काढू नये म्हणून आताचे फोन प्रत्येक जाळ्याला बनावट मॅक पत्ता देतात. तेव्हा ‘मॅक म्हणजे कोण’ हे मी सांगितलं, ते स्विचच्या दृष्टीने. स्विचला एवढंच हवं, की या हद्दीत, या घडीला हे नाव दुसऱ्या कोणाचं नसावं. तुम्ही खरोखर कोण, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं. सोसायटीत मॅक पत्त्यांची यादी करून त्यालाच सुरक्षा समजत असाल, तर ती पुरेशी नाही. पासवर्ड बदला, पाहुण्यांचं वाय-फाय वेगळं ठेवा, कॅमेरे वेगळ्या हद्दीत टाका. येत्या सभेत हे तीन मुद्दे विषयपत्रिकेवर घ्या. खर्च फार नाही.

पुढच्या वेळी वेशीबाहेर पडू, राउटर आणि नावांची नोंदवही, म्हणजे डीएनएस. तोवर घरातली डबी एकदा उलटी करून तिच्यावर काय लिहिलंय ते वाचून या. निम्मे शब्द आता ओळखीचे वाटतील.